कुलदीप सरांची बाग

मंगेश खवसेच्या डोक्यावरचे केस गेले, पण सांगून नाही गेले. भाडेकरूनं एकेक सामान हलवत हलवत खोली रिकामी करावी, तसे गेले. पोरगा लाख मोलाचा. गावी रामाकोन्याला बापजाद्यांची संत्र्याची बाग, सौंसरच्या बस स्टँडजवळ ठिबकच्या नळ्यांचं दुकान, विडी नाही, तंबाखू नाही, उधार मागायलाही लाजणारा. तरी लग्न जुळेना. बायोडाटा जायचा, फोटो जायचा आणि मुलीकडून निरोप यायचा, "कळवतो." आता आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, ते शहाण्याला सांगायची गरज नाही. कोणी कळवत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोष त्या फोटोचा होता. सौंसरच्या एका स्टुडिओवाल्यानं मंगेशला निळ्या पडद्यासमोर उभं करून हनुवटी वर करायला लावली आणि नंतर कॉम्प्युटरवर त्याचं तोंड असं उजळवलं, की चेहरा काश्मीरचा आणि हात रामाकोन्याचे झाले. टक्कल मात्र जसंच्या तसं, उलट त्याच्यावर लाइट चमकत होता. मंगेशनं तो फोटो पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. पैसे देऊन आपलं हसं करून घ्यायचं, तर ते काम आपण घरच्या घरी फुकट करू शकतो, असं म्हणून त्यानं ठरवलं की फोटो सुधारायचा हुन्नर आपणच शिकायचा.

गुरू भेटले मोबाईलवर. कुलदीप सर. उत्तरेतले कुठलेसे, काटकुळे, कानावर हेडफोन, आणि शिकवण्याआधी चॅनल सबस्क्राइब करायला सांगणारे. मंगेश इतका आज्ञाधारक, की सरांनी "समझ गए ना दोस्तों" म्हटलं की दुकानात एकटा बसून "हो जी" म्हणायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईल नळ्या चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याला टेकवायचा आणि बिलं काढायच्या कॉम्प्युटरवर सर सांगतील तसं करत जायचा. एखादा शेतकरी नळी मागायला आला, तर सर थांबवून नळी कापून द्यायचा आणि पुन्हा सरांना चालू करायचा.

सुरुवातीला काय काय झालं ते विचारू नका. पहिल्यांदा स्वतःला पडद्यातून कापून काढलं, तर डावा कान पडद्यातच राहून गेला. दुसऱ्यांदा कान आला, पण पाय गवताच्या वीतभर वर. ते पाहून त्याचा मामा यशवंतराव म्हणाला, की हा तं हवेत उडून राहिला, याले पोरगी कशाला, विमानतळ पाहा. मंगेशनं मनावर घेतलं नाही. तो धडा पुन्हा पाहिला, सावली टाकायला शिकला, उन्हाचा रंग चेहऱ्यावर आणायला शिकला. सरावासाठी सरांनी फोटोच्या मागं लावायला एक बाग दिली होती. हिरवंगार गवत, पांढरा बाक, मागे कारंजं आणि त्याच्या मागे कोण्या श्रीमंताचा बंगला. सरांनी बजावलं होतं, की ही बाग फक्त सरावाची, खऱ्या कामाला आपापला फोटो घ्या. मंगेशनं ऐकलं. पण सराव करता करता तो बाकाजवळ असा झकास उभा राहिला, की स्वतःला तिथून हलवायची त्याची छातीच होईना. इथंच घोटाळा झाला.

उरला प्रश्न केसांचा. दुसऱ्या कोणाचे केस लावणं म्हणजे फसवणूक, एवढी नीती त्याच्यात होती. म्हणून त्यानं बारावीच्या ग्रुप फोटोतून स्वतःचेच केस कापून आणले आणि डोक्यावर बसवले. केस चोरीचे नव्हते, हक्काचे होते, फक्त जुने होते. मंगेशनं स्वतःची अशीच समजूत घातली आणि फोटो मामाला दाखवला.

यशवंतराव मामा म्हणजे सोयरिकी जुळवणारा माणूस. माहीत नसलेली जागा जगात नाही, असा त्याचा बाणा. कुठलं गार्डन म्हणून विचारल्यावर मंगेश गोंधळून "नागपूरकडचं" एवढंच पुटपुटला. मामानं लगेच मान हलवली. माहीत आहे म्हणाला, आतमध्ये भेळ चांगली भेटते. केसांचं मामाला ठाऊकच होतं, पण फोटोत सगळेच उन्नीस-बीस करतात, असं म्हणून त्यानं त्याच मिनिटाला तो फोटो पांढुर्ण्याच्या घागरे मंडळींना पाठवून दिला. थोड्या वेळानं तिकडून मुलीचा फोटो आला. तेजस्विनी घागरे, खाजगी शाळेत शिक्षिका. मामानं मुलीची उंची पाहिली, ठीक आहे म्हणाला, आणि मोबाईल भाच्याच्या हातात दिला.

मंगेशनं फोटो उघडला. तेच गवत. तोच पांढरा बाक. तेच कारंजं, तोच बंगला.

पोरगी कुलदीप सरांची निघाली होती.

आधी तो घाबरला. मग त्यानं फोटो बोटांनी मोठा केला आणि बघतच राहिला. तिच्या केसांची कड अशी काढली होती, की एकेक केस सुटा. सरांचा तो धडा सगळ्यात अवघड. मंगेशनं दोनदा धरला आणि दोनदा सोडला होता. आणि या मुलीनं वाऱ्यावर उडणारी बटसुद्धा राखली होती. लोक डोळ्यांवर भाळतात, रंगावर भाळतात, कोणी पगारावर भाळतो. मंगेश खवसे केसांच्या कडेवर भाळला. खरं सांगायचं तर असा भाळला, की त्या दुपारी त्यानं बारा एमएमच्या जागी सोळा एमएमची नळी कापून दिली आणि शेतकऱ्याच्या शिव्या हसत हसत ऐकून घेतल्या.

मामाला सांगावं, तर तिचं पितळ उघडं पडतं. न सांगावं, तर एका बागेत दोघं, हे कधीतरी कोणाच्या लक्षात येणारच. शेवटी त्यानं तोंडाला कुलूप लावलं. बायोडाट्यातल्या फोटोत लोक नोकरी बघतात, बाक कोण बघतो, असा त्याचा हिशोब.

मुलगी पाहायचा कार्यक्रम पांढुर्ण्याला ठरला. पहिल्या खेपेला बायका न्यायच्या नाहीत हा मामाचा कायदा, त्यामुळे मामा-भाचे दोघंच बसनं निघाले. थंडीचे दिवस होते, म्हणून मामानं युक्ती काढली आणि मंगेशच्या डोक्याला मफलर गुंडाळला. कान दुखतो म्हणायचं. एकदा बोलणी पक्की झाली की मग हळूच काढायचा.

घागऱ्यांचं घर मोठं अगत्याचं. मुलीचे वडील विजयराव घागरे तहसिलीतून निवृत्त झालेले, शब्दाला किंमत असलेला माणूस. त्यांची बायको उषाताई आणि विजयरावांची बहीण प्रेमलता आत्या. या आत्या म्हणजे सगळ्या खानदानाचं सीसीटीव्ही. पोहे झाले, चहा झाला. अगत्यच जीवावर आलं. कान दुखतो म्हटल्याबरोबर उषाताई उठल्या आणि ओव्याची गरम पुरचुंडी घेऊन आल्या. मंगेशनं ती मफलरवरूनच कानाला लावून धरली. मग त्या म्हणाल्या, लसणाचं तेल कोमट करते, दोन थेंब टाकले की आराम पडते, मफलर काढा. मंगेशला घाम फुटला. आत मफलरची गरमी, बाहेर पुरचुंडीची गरमी, आणि समोर वाटी घेऊन उभ्या असलेल्या होणाऱ्या सासूबाई. मामानं कसंबसं सांगितलं, की याले तेल चालत नाही, लहानपणापासून.

तेवढ्यात तेजस्विनी आली. मोरपंखी साडी, खाली नजर, आणि तोंड घट्ट मिटलेलं. मामानं विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवते. तिनं हाताची पाच बोटं दाखवली. स्वयंपाक येतो का, तर "हूं." फिरायला आवडतं का, तर पुन्हा "हूं." हसणं तर दूरच. फोटोतली पोरगी खुदकन हसत होती आणि ही समोर बसलेली जणू शाळेच्या इन्स्पेक्शनला बसली होती. मंगेशचा जीव तुटला. आपण हिला पसंत नाही, म्हणूनच ओठ उघडत नाही, असं त्याला वाटलं, आणि आतापर्यंत जितके 'कळवतो' ऐकले त्या सगळ्यांपेक्षा हा एक 'हूं' त्याला जास्त लागला. बाकीच्या पोरी गेल्या तर गेल्या. ही जाऊ नये, असं त्याला फार फार वाटत होतं.

इकडे प्रेमलता आत्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि मुलाचा फोटो समोरच्या मुलाशी ताडून पाहायला लागल्या. मफलरमुळे ताडता येईना. म्हणून त्या फोटोच्या आजूबाजूला बघायला लागल्या. मग त्यांनी तेजस्विनीचा फोटो उघडला. पुन्हा त्याचा उघडला. पुन्हा तिचा. मग त्या सावकाश म्हणाल्या, "दादा, हे दोघं एकाच बाकापाशी उभे आहेत."

मोबाईल हातोहात फिरला. उषाताईंनी पाहिलं आणि तेलाची वाटी खाली ठेवली. विजयरावांनी दोन्ही फोटो पाहिले, बाक पाहिला, कारंजं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अशी बाग खरी असेलच कशी, हा प्रश्न त्या खोलीत कोणालाच पडला नाही. पडता, पण मामानं तो पडू दिला नाही. वातावरण हलकं करावं म्हणून मामा म्हणाला, की अहो, ते नागपूरचं फेमस गार्डन आहे, सारी दुनिया जाते, मी स्वतः बसलो आहो त्या बाकावर. झालं. बागेला साक्षीदार मिळाला.

मग आत्यांनी सावल्या तपासल्या. मुलाची सावली डावीकडे, मुलीची उजवीकडे. उषाताईंना जरा धीर आला, त्या म्हणाल्या, पाहा, वेळ वेगळी आहे, दोघं संग नसतील. आत्या म्हणाल्या, वेळ वेगळी नाही वहिनी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच होते. एवढं बोलून त्या मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

विजयरावांचा आवाज एकदम खाली आला. मोठ्यानं ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुलीला विचारलं, "कवापासून चालून राहिलं हे?"

तेजस्विनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नजर जमिनीवर, कान लाल. मंगेशनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. खरं सांगितलं की हिचा फोटो खोटा ठरतो. नाही सांगितलं की ही खोटी ठरते. दोन्हीकडून मरण हिचंच. त्याला स्वतःचा असा राग आला, की आजवर कोणाचाच आला नव्हता. भाड्या, एक बाग बदलली असती तर काय बिघडलं असतं तुझं.

तो उभा राहिला आणि त्यानं मफलर सोडायला सुरुवात केली. मामानं खालून सदरा ओढला. मफलर लांब होता, सुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे बघत राहिले. शेवटी डोकं उघडं झालं. घामानं चमकत होतं.

"काकाजी," मंगेश म्हणाला, "मी त्या बागेत कधी गेलो नाही. तुमच्या पोरीचा फोटो पाहिला, त्यातली बाग आवडली, ती काढून माझ्या मागं लावली. केसंबी लावलेले आहेत. माझेच आहेत, पण बारावीतले. तिचा काही दोष नाही. ती तं मले आज पहिल्यांदा पाहून राहिली."

त्याचा फोटो आधी गेला होता आणि तिचा मागाहून आला होता, हे कोणी त्या क्षणी मोजलं असतं तर हे खोटं तिथंच गळालं असतं. पण सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे होतं. विजयरावांच्या कपाळावरची शीर उतरली आणि त्या जागी दुसरी चढली. म्हणजे फसवायला आले होते तर. मामा खुर्चीतून अर्धा उठून दाराचा अंदाज घ्यायला लागला.

तेव्हा तेजस्विनी बोलली. इतका वेळ "हूं"वर काम भागवणारी मुलगी वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलली. "बाबा, ते खोटं बोलून राहिले. बाग माझीबी खोटीच आहे. आम्ही दोघंबी एकाच सरांचे व्हिडिओ पाहून शिकलो, त्यांनीच सरावाले दिली होती." आणि एवढं बोलून ती हसली. तेव्हा कळलं, की समोरचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसला होता. फोटोत तो शिस्तीत रांगेत उभा होता. सकाळपासून ती ओठ मिटून बसली होती ती याच्यासाठी.

मंगेशला ते हसू इतकं आवडलं, की आपण भर बैठकीत बोडके उभे आहोत हे तो विसरूनच गेला.

विजयराव मामाकडे वळले. मग त्यांनी शांतपणे मामाला विचारलं, "मंग तुम्ही कुठं बसले होते जी?"

मामानं पाणी मागितलं.

यानंतर जो गलबला झाला तो काय सांगावा. विजयराव म्हणत होते तुम्ही केसं लपवले. मामाला पाणी पिऊन जोर चढला होता, तो म्हणत होता तुम्ही दात लपवला. केस मोठे की दात मोठा, यावर दोन जाणती माणसं हातघाईवर आली. दोघं फसले होते, दोघांनी फसवलं होतं, त्यामुळे रागवायचा हक्क नेमका कोणाचा, हेच ठरेना. अशात विजयरावांचा मोबाईल वाजला. मग लागोपाठ वाजायला लागला.

प्रेमलता आत्या आतल्या खोलीत गेल्या होत्या त्या उगाच नव्हत्या गेल्या. दोन्ही फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवून 'घागरे परिवार' ग्रुपवर टाकून दिले होते, वर लिहिलं होतं, की आपल्या तेजूचं आधीपासूनच जुळलेलं निघालं, लव्ह मॅरेज. मोहगावच्या साडूचा फोन होता. विजयराव शिव्या खायच्या तयारीनं "हॅलो" म्हणाले. साडू म्हणाले, अभिनंदन भाऊ, आपल्यातलाच पोरगा पाहिला हे बेस्ट केलं पोरीनं, आमच्या पूनमले काही अक्कल नाही. मग ग्रुपवर फुलं आली, हात जोडलेले आले, नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. जोडी लक्ष्मी-नारायणाची म्हणून कोणी लिहिलं. लोकेशन मस्त आहे, आमच्या सुप्रियाच्या प्री-वेडिंगसाठी पत्ता पाठवा, असंही एकीनं लिहिलं.

विजयराव सगळं वाचत गेले. तहसिलीत जन्म गेलेला माणूस, कोणती दुरुस्ती करावी आणि कोणती करू नये हे त्यांना बरोबर कळत होतं. आता प्रेम नव्हतं म्हणून सांगायचं, तर पोरीनं फोटोत दात सरळ केला आणि जावयानं बारावीतले केस लावले, हे सांगावं लागतं. त्यापेक्षा प्रेम होतं हेच सोपं. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "लव्ह मॅरेजच म्हणा मंग."

मामानं "बरोबर आहे" म्हणून पोह्यांची बशी पुन्हा पुढं ओढली. उषाताईंनी साखर काढली. सगळं दोन मिनिटांत ठरलं, आणि मंगेशला जे हवं होतं ते त्याच्या ओटीत आपोआप येऊन पडलं होतं. त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण त्याला ते गप्प बसणं जमलं नाही.

"त्यांले विचारा ना आधी," तो तेजस्विनीकडे पाहून म्हणाला.

हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. तिथं तुळस होती, कपडे वाळत होते, आणि आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासत होत्या, जी आधीच घासलेली होती.

तेजस्विनीनं आधी त्याच्या डोक्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, केसांचा जोड उजव्या बाजूनं दिसतो. मंगेश म्हणाला, तो धडा मी सोडून दिला होता. ती म्हणाली, तुमचा फोटो आला तेव्हाच बाग ओळखली होती, म्हणून तर पाहायच्या कार्यक्रमाला हो म्हटलं, म्हटलं पाहू तरी हा कोण गडी आहे. मंगेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते चढतं न चढतं तोच ती म्हणाली, की मी आता हो म्हणणार नाही.

मंगेशनं मान खाली घातली. ठीक आहे, म्हणाला.

"नाहीबी म्हणत नाही," ती म्हणाली. "बाबा आता साऱ्या गावाले सांगणार की यांचं प्रेम आहे. एक दात सरळ केला तं सकाळपासून मले तोंड उघडता आलं नाही. सारं लग्न खोट्यावर कसं निभावू मी? तुमी सावली टाकाले शिकले ना? तसंच हेबी शिकावं लागन. लोकांनी जेवढं म्हटलं तेवढं प्रेम आधी खरं करा. मंग पाहू."

"अन् ते कसं करू?"

"याचा व्हिडिओ नाही," ती म्हणाली. "रविवारी या. मामाले आणू नका."

मंगेश दर रविवारी दुकान बंद ठेवून पांढुर्ण्याची बस धरायला लागला. कधी चौकात कचोरी खाल्ली, कधी बाजारातून तिच्या वर्गासाठी रंगीत कागद आणले, कधी नुसतेच स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. पहिल्या रविवारी तो बसच्या वेळापत्रकावर बोलला, कारण दुसरं काही सुचलं नाही. पुढं संत्र्याच्या भावावर बोलला. मग हळूहळू आपला बाप गेला तेव्हा कसं झालं ते बोलला, आणि तिनंही, शाळेतली पोरं आपल्याला मागून काय चिडवतात ते सांगितलं. लोक बघायचे आणि डोळे मिचकवायचे, जुनं प्रकरण आहे म्हणून. जुनं कसलं, मंगेशच्या हाताला दर वेळी नव्यानं घाम यायचा. तिच्या मनात काय आहे ते विचारायची हिंमत काही त्याला झाली नाही, आणि तिनंही एका शब्दानं काही सांगितलं नाही.

असेच एका रविवारी दोघं स्टेशनच्या रस्त्यानं चालले होते, तर मोतीराम काका समोरून आले, घागऱ्यांच्या शेजारचे. सायकल थांबवून त्यांनी दोघांना खालून वरून पाहिलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांचं प्रेम, अन् अजून एकमेकापासून हातभर दूर चालून राहिले, आता लग्नाची तारीख तरी काढा. मंगेश चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

"काढली ना काका," तेजस्विनी म्हणाली. "उन्हाळ्यात. शाळेले सुट्ट्या लागल्या की."

ही बातमी मोतीराम काकांना आणि मंगेशला एकाच वेळी कळली.